मांदाच्या आईचा पांढरा जोड

मांदा पहिल्यांदा माझ्या दारात उभी राहिली तेव्हा मला वाटलं, तक्रार करायला आली.

रियाधच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावरचे दोन फ्लॅट एका खासगी दवाखान्याने आपल्या नर्सबायकांसाठी घेतले होते. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली. रोज पांढरी बस यायची, हॉर्न वाजवायची, आणि काळा पायघोळ अबाया घातलेल्या पाच-सहा बायका एकामागोमाग चढायच्या. त्यातली एक सगळ्यांपेक्षा वीतभर उंच होती. तीच ही.

"तुझं शिलाई मशीन माझ्या पलंगाच्या बरोबर वर आहे," ती इंग्रजीत म्हणाली.

मी माफी मागायला लागले. माझं इंग्रजी टीव्हीवरून आणि लेकीच्या शाळेच्या पुस्तकांतून उचललेलं. माफी मागण्यापुरतं ते चांगलं आहे. तिने हात वर करून मला थांबवलं.

"आवाज आवडतो मला. आमच्या घरी आईच्या मागाचा आवाज असाच भिंतीतून यायचा. मला विचारायचं होतं, तुला हाताने शिवता येतं का?"

मी बायकांची पोलकी शिवून देत असे. कुठल्या क्लासला गेले नाही. जुनी पोलकी उसवून, ती कशी जोडली होती ते बघून बघून शिकले. त्यामुळे हात माझा चालत होता, पण कुणी असं विचारलं की मला आधी नाहीच म्हणावंसं वाटायचं. तरी मी हो म्हटलं. तिने पिशवीतून कापडाची गुंडाळी काढली आणि माझ्या कटिंगच्या टेबलावर उलगडली.

कापड पांढरं, पण दुकानातलं पांढरं नव्हे. जाडसर, मध्येच एखादा धागा गाठाळलेला, हाताला गार. मी वास घेतला. तिने विचित्र नजरेने पाहिलं नाही, उलट हसली. जवसाच्या झाडाचा वाख काढून तिच्या आईने सूत काढलं होतं आणि घरच्या मागावर विणलं होतं. ती झाडं नदीच्या डबक्यात दगडाखाली कुजत ठेवायची, त्याची घाण सगळ्या गावभर सुटायची, असं ती सांगू लागली, तशी मी म्हटलं, "अंबाडी." आमच्या वाशिमकडे ओढ्यात अंबाडी कुजवतात तेव्हा असाच वास सुटतो, पाहुणे नाकाला पदर लावतात आणि आम्हाला तो येतही नाही. ती खुर्ची ओढून बसली. मग चहा झाला.

ती क्रोएशियाची. सावा नावाच्या नदीकाठचं गाव, नदी दर वर्षी अंगणात येते म्हणून घरं लाकडाची आणि उंच. धुराड्यांवर करकोचे. तिचं नाव मांदा. माझ्या नवऱ्याला, उल्हासला, ते ऐकून फार आनंद झाला. त्याच्या मावशीचं नाव मंदा, त्यामुळे तो पहिल्या दिवसापासून तिला मंदाताई म्हणायला लागला आणि तीही ओ द्यायला लागली.

कापड कशासाठी, ते तिने दुसऱ्या भेटीत सांगितलं. तिच्या गावात बाई आपले जायचे कपडे स्वतः शिवून पेटीत ठेवते. जायचे म्हणजे शेवटचे. घागरा, कुडतं, पुढे बांधायचा एप्रन, डोक्याचा रुमाल, असा पूर्ण जोड. तो कुणाला दाखवायची लाज नसते. पाहुण्या आल्या की पेटी उघडून दाखवतात, एकमेकींचे टाके बघतात, नावंही ठेवतात. तिच्या आईचा जोड चाळिशीतच तयार होता. लढाईत घर जळलं, पेटी जळली. पळताना ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायला टोचू नये म्हणून आईने कापडाची ही गुंडाळी बुडाखाली घेतली होती. तेवढीच वाचली.

"आता आईला दिसत नाही," मांदा म्हणाली. "आपलं आपण शिवायचं असतं. नाहीच जमलं तर मुलीने. बाकी कुणाचा टाका चालत नाही आणि मशीनचा तर नाहीच. मुलींत मी एकटीच. मी इंजेक्शन देते. शिवण मला येत नाही."

म्हणजे मी फक्त दाखवायचं, हात लावायचा नाही. मला विचाराल तर शिवणाऱ्या बाईला याहून मोठी शिक्षा नाही. समोर कोणी वाकडा टाका घालतंय आणि आपण हाताची घडी घालून बसायचं. मी चिंधीवर करून दाखवायची, ती कापडावर करायची, मी डोळे मिटून घ्यायची.

तिची सुट्टी असली की दुपारी ती वर यायची. शिवता शिवता गाव सांगायची. हिवाळ्यात बायका एका टेबलाभोवती बसून हंसाची पिसं सोलतात, उश्या-दुलया भरायला. तिथे कुणी शिंकायचं नाही, हसायचंही नाही, नाहीतर सगळं घर पिसांनी भरतं, आणि म्हणूनच सगळ्यात वाह्यात गोष्टी तिथेच सांगतात. अंगणात मोठ्या कढईत प्लमचा मुरंबा रटरटत असतो, तो ढवळायला आळीपाळीने उभं राहायचं. आणि कपडे. मुलगी लग्नाची झाली की लालच लाल भरतकाम, डोक्यापासून पायापर्यंत. दोन मुलं झाली की लाल कमी होतं. मग निळं येतं, मग काळं, आणि म्हातारपणी सगळे रंग गळून पांढऱ्यावर पांढरं. लांबून बाई बघितली की तिचं वय, नवरा आहे की नाही, सगळं कळतं.

"आमच्याकडेही कळतं," मी म्हटलं. "कपाळावरून."

आईचा जोड म्हणून पांढऱ्यावर पांढरा. पांढऱ्या कापडावर पांढऱ्या धाग्याची बारीक वेल. मांदाचे सुरुवातीचे टाके कोंबडी चालल्यासारखे होते. एप्रनपर्यंत आली तेव्हा मला डोळे मिटावे लागेनात.

त्या हिवाळ्यात माझ्या सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो. रियाधला येऊन त्यांनी दोनच गोष्टींना नावं ठेवली, पाण्याला आणि गप्प बसलेल्या रस्त्याला. मांदा मात्र त्यांना आवडली. मांदा क्रोएशियन बोलायची, आत्याबाई वऱ्हाडी, आणि दोघींचं कधी अडलं नाही. मीच मध्ये पडले की अडायचं.

घागऱ्याच्या चुण्या तर आत्याबाईंनीच घातल्या म्हणायच्या, हात न लावता. त्या घागऱ्याला बोटभरही सपाट जागा नसते. कापड ओलं करून काडीएवढ्या चुण्या घालायच्या, दोऱ्याने आवळून बांधायच्या, फळीखाली दाबायच्या आणि भाकरी काढून घेतलेल्या भट्टीच्या उबेवर वाळवायच्या. आयुष्यभर नऊवारीच्या निऱ्या घालणारी बाई समोर बसलेली. "खालून धर व पोरी. अंगठा आत घाल. हं. आता दाब," असं त्या सांगायच्या आणि मांदा बरोबर तेच करायची. भट्टी नव्हती म्हणून गॅसचा ओव्हन तापवून बंद केला. फळीवर दगड नव्हते म्हणून बासमतीचं पोतं ठेवलं. उल्हास संध्याकाळी आला आणि स्वयंपाकघरात तांदळाखालून घागरा डोकावताना बघून म्हणाला, "आज पुलाव का?"

मांदा त्या दिवशी इतकी हसली की तिला बसायला लागलं.

आत्याबाईंना मी ते कपडे कशाचे ते सांगितलं नव्हतं. सत्तरीच्या बाईसमोर मरणाचे कपडे कसं म्हणायचं? "तिच्या घरचं काम आहे," एवढंच म्हटलं. आणि घोळ तिथेच झाला.

जोड पूर्ण झाला. मांदाच्या खोलीत चौघी राहायच्या, तिथे जागा नाही म्हणून तो माझ्याच कपाटात ठेवला, देवांच्या खालच्या कप्प्यात. देव आमचे कपाटातच असतात, तिकडे आपली पूजा उघडपणे चालत नाही म्हणून सगळ्यांचेच तसे असतात. दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं तर एप्रनच्या खालच्या कोपऱ्यावर हळदीचं बोट आणि त्यावर कुंकवाचं बोट. ठसठशीत.

"आत्याबाई," मी हाक मारली.

"म्याच लावलं," त्या पोळी लाटता लाटता म्हणाल्या. "नवं कापड कोरं कसं नेसाव? तुले तर भानच नाही. पोरीचं लग्न, आन् हळदीकुंकवाचं बोट नाही कापडाले?"

"कुणाचं लग्न?"

"त्या उंच पोरीचं. खिस्ती पोरी लग्नात पांढरंच घालतात. टीव्हीत पाह्यलं म्या." मग लाटणं न थांबवता, "तुये मामंजी गेल्यापासून कुंकवात बोट घातलं नव्हतं म्या. म्हटलं, इथं परक्या मुलखात कोण पाहते? पोरीचं चांगलं होत असंन तर देव काही म्हनत नाही."

मी खाली बसले. मग सांगितलं. पोळी तव्यावर करपली ती मीच उतरवली.

"मंग मले सांगतलं काहून नाही?" एवढंच त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाल्या.

मांदाला सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी एप्रन पुढे केला आणि आमच्यात नव्या कापडाला बोट लावतात, आशीर्वाद असतो, त्यांना वाटलं तुझं लग्न आहे, असं एका दमात बोलून टाकलं. तिने कोपरा हातात घेतला.

"लाल," ती म्हणाली.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मांदाने त्यांच्याकडे बघितलं आणि मला म्हणाली, "बाबा गेले तेव्हा आईने लाल सोडलं. भावाच्या लग्नात वहिनीने तिला एक रुमाल दिला, कोपऱ्यात लाल फूल होतं. आईने रात्रभर बसून ते फूल उसवलं. म्हणते, लाल घालून वर गेले तर तुझे बाबा ओळखणार नाहीत. कोण ही नटवी, म्हणतील."

ती न्हाणीघराकडे निघाली तशी मी तिचा दंड धरला. साबण लावायचा नाही. हळदीला साबण लागला की ती आणखी लाल होते. पाण्यात नुसतं बुडवायचं आणि उन्हात टाकायचं. ऊन हळद पिऊन टाकतं. कुंकवाचं मात्र मला सांगता येत नव्हतं. पूर्वीचं घरचं असतं तर गेलं असतं. हे डबीतलं, कशाचं बनवतात देव जाणे.

गच्चीवर दोरी बांधून एप्रन वाळत घातला. जानेवारीचं ऊन, पण रियाधचं. आत्याबाई शाल पांघरून, खुर्ची टाकून दोरीपाशी बसल्या. कबुतरं येतात, म्हणाल्या. जेवायलाही खाली येईनात, ताट वर न्यावं लागलं. दर थोड्या वेळाने उठून कोपरा बघायच्या.

हळद गेली. कुंकू फिकं होत होत गुलाबी झालं आणि तिथे थांबलं.

बकरी ईद जवळ आली होती. मांदाने रजेचा अर्ज कधीच दिला होता. तिकडून घरी जायचं तरी दवाखान्याने एक्झिट री-एंट्रीचा, म्हणजे देशाबाहेर जाऊन परत यायच्या परवानगीचा, शिक्का करून आणावा लागतो, आणि पासपोर्ट दवाखान्याच्या तिजोरीत. तिथला मुदीर, म्हणजे मॅनेजर, रोज म्हणायचा, बुकरा. उद्या. ती रोज संध्याकाळी वर येऊन आम्हाला सांगायची, "बुकरा," आणि एप्रनचा कोपरा खिडकीच्या उजेडात धरायची.

तिच्याच खोलीतली एक स्लोव्हाक नर्स ईदच्या आधी व्हिएन्नामार्गे घरी निघाली. ती म्हणाली, दे तो जोड माझ्याकडे, तुझा भाऊ व्हिएन्नाला येऊन घेऊन जाईल, गाडीने तुमचं गाव काही लांब नाही. मांदा वर आली. आम्ही तिघी त्या गुलाबी ठिपक्याभोवती उभ्या राहिलो.

"अजून आहे," मांदा म्हणाली.

"कुणाला दिसतोय एवढा?" मी म्हटलं.

"आईला दिसणार नाही. आईला आता काहीच दिसत नाही. पण गावातल्या बायका बघतील. जोड बघायलाच येतात त्या." तिने एप्रनची घडी घातली. "अजून थोडं ऊन लागू दे. शिक्का झाला की मी स्वतःच नेईन."

स्लोव्हाक बाई गेली.

मग मुदीर गेला. ईदच्या सुट्टीत आपल्या गावी, अभाच्या डोंगरात. तिजोरीची किल्ली त्याच्या खिशात. त्याने तिला सांगितलंही नाही. दवाखान्यात गेल्यावर तिला त्याचं दार बंद दिसलं.

आणि ईदच्या आदल्या दुपारी भावाचा फोन आला. मांदा माझ्याकडे आली ती अंगावर नर्सचा पांढरा ड्रेस, पायात घरातल्या चपला. आईला न्यूमोनिया झाला होता. पाद्री येऊन गेला होता. आई शुद्धीवर होती आणि विचारत होती, मांदाचं झालं का.

"काय सांगितलंस?" मी विचारलं.

"झालं म्हणून सांगितलं. घेऊन येते म्हणाले."

त्यानंतरचं काय सांगू. उल्हासच्या बँकेत सरकारी कागदांची धावपळ करणारा एक माणूस होता, अशाला तिकडे मुअक्किब म्हणतात. उल्हासने त्याला फोन केला. त्याने आधी ईद मुबारक म्हटलं, आईसाठी दुवा केली, मनापासून केली, आणि मग म्हणाला की कफीलशिवाय, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा त्या मालकाशिवाय, काही होत नाही आणि कफील असला तरी ऑफिसं बंद आहेत. उल्हास गाडी काढून दवाखान्यात गेला. तिथे एक सुदानी पहारेकरी होता. त्याने तिजोरी असलेली खोली बाहेरून दाखवली. उल्हास परत येऊन मला म्हणाला, "काचेतून दिसते गं तिजोरी. आपल्या फ्रिजएवढीही नाही." मुदीरच्या फोनवर एक बाई अरबीत सांगत राहिली की हा फोन बंद आहे. निदान जोड तरी पाठवावा म्हटलं, तर कुरिअर कंपनीचं शटर खाली होतं. जो जो भेटला तो चांगलाच बोलला. कुणी वाईट बोललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

मांदा मधल्या वेळात ड्यूटीवर जाऊन यायची. सुट्टीवर गेलेल्यांचं कामही तिच्यावरच होतं.

ईदच्या दिवशी सकाळी इमारतीच्या मागे बकरे कापले जात होते आणि सगळ्या जिन्यात मटणाचा वास भरला होता. खालच्या हैदराबादी शेजाऱ्यांनी वाटा पाठवला. मांदा माझ्या सोफ्यावर बसली होती, कानाला माझा फोन. ती फक्त ऐकत होती. मग बोलायला लागली, हळू, एकेक शब्द. भाषा मला कळत नव्हती. तरी ती कपड्यांबद्दल बोलते आहे हे मला कळलं, कारण बोलताना तिचा हात आपल्याच कमरेवर गेला, मग खांद्यावर, मग डोक्यावर.

फोन ठेवून ती म्हणाली, "वहिनी विचारत होती, आईला काय घालू. निळा ड्रेस घालणार आहेत. पुतणीच्या बारशाला विकत घेतलेला. बटणांचा." थोड्या वेळाने म्हणाली, "आईला बटणं आवडायची नाहीत. म्हणायची, बटणं शिपायांना."

आत्याबाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. तिच्या एवढ्या मोठ्या पंजावर त्यांनी आपला सुरकुतलेला हात ठेवला आणि मला विचारलं, "डागापायी राह्यलं का व, पद्मिनी? डाग नसता तर गेलं असतं का तिच्या आईपाशी?"

मी मटणाच्या भांड्यावर झाकण ठेवायला उठले.

"काय विचारतेय?" मांदाने मला विचारलं.

"चहा घेशील का, म्हणतेय."

मांदाने आत्याबाईंच्या तोंडाकडे बघितलं. "ती ठिपक्याचं विचारतेय," ती म्हणाली. "तिला सांग, नाही."

मी सांगितलं. आत्याबाईंनी मान हलवली. त्यांना खरं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि मांदालाही वाटत नसणार. पण तिघींनी ते तसंच धरून ठेवलं.

पुरायचं दुसऱ्या दिवशी होतं, तिकडे दुपारी, म्हणजे आमच्याकडे दुपार कलताना. मांदाची ड्यूटी होती. बस आली, हॉर्न वाजला, ती गेली. त्या वेळी आत्याबाईंनी मला कपाट उघडायला लावलं. आम्ही जोड काढला आणि माझ्या पलंगावर मांडला, जसा अंगावर येईल तसा. खाली घागरा, त्यावर एप्रन, वर कुडतं, बाह्या दोन्ही बाजूंना, आणि उशीवर रुमाल. का मांडला ते मला सांगता येणार नाही. तिकडे मातीत बटणांचा ड्रेस जात होता आणि इकडे हा, इस्त्री न लागलेला, चुण्या कडक, कोणाच्याच अंगाला न लागलेला. म्हणायचं काय, तेही आम्हाला माहीत नव्हतं. आत्याबाईंनी हात जोडले, मग ते बरोबर नसेल असं वाटून सोडले.

अवनी, माझी लेक, दारात येऊन उभी राहिली. ती आमच्याशी इंग्रजीतच बोलते. "हू इज दॅट?" तिने विचारलं. हे काय आहे, असं नाही. हे कोण आहे.

"कोणी नाही," मी म्हटलं.

"मांदाची आई हाये," आत्याबाई म्हणाल्या. अवनी आत आली आणि पलंगाच्या कडेला, एप्रनला धक्का लागणार नाही अशी, बसली.

ईदची सुट्टी संपून मुदीर आला. अर्ध्या तासात शिक्का होऊ शकतो, म्हणाला. मग त्याने मांदाला समोर बसवून, पाणी वगैरे देऊन समजावलं की आता आई तर राहिली नाही, पुरूनही झालं, मग आता जाऊन काय करणार, माणसं कमी आहेत, उन्हाळ्यात जा. ती हो म्हणाली. मला हे सांगताना तिने त्याची बाजूही मांडली. "त्याचंही बरोबर आहे," म्हणाली. "आता जाऊन काय करू?"

पुढे काही दिवस ती वर आली नाही. मीही मशीन लावलं नाही. लावलं तर तिला ऐकू जाईल, न लावलं तर कळेल मुद्दाम लावत नाही, अशा कात्रीत पोलकी पडून राहिली. शेवटी आमच्याच मजल्यावरच्या एका बाईने पोलक्यासाठी तगादा लावला आणि मी मशीन सुरू केलं. अर्ध्या बाहीपर्यंत आले असेन, दारावर टकटक.

"तो जोड काढ," मांदा म्हणाली.

मला वाटलं, टाकून देणार. तिने घागरा आपल्या ड्रेसवरूनच चढवला, नाडी बांधली आणि कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. घागरा घोट्यांच्या बराच वर राहिला.

"आई बुटकी होती," ती म्हणाली. "चार बोटं वाढव."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी. पेटीत ठेवायला."

"अगं, तू काय..." मी म्हणायला लागले, पण तिच्या गावात बाईचा जोड चाळिशीत तयार असतो, आणि ती चाळिशीची होतीच. मी कापड शोधायला वाकले. तागा संपला होता, चिंधीही उरली नव्हती. माझ्याकडे अस्तरासाठी आणलेलं मांजरपाट होतं. ते त्याच्याशेजारी धरलं तर पिवळट दिसलं.

"चालेल," ती म्हणाली. "पायाशीच आहे."

मी सुई-दोरा तिच्यापुढे केला. तिने घेतला नाही.

"तू शीव."

"मी? आपलं आपण शिवायचं ना, नाहीतर मुलीने?"

"माझ्याने शिवायची सुई धरवत नाही सध्या. आणि मला मुलगी नाही."

"म्हणून मी तुझी मुलगी? मी तुझ्याहून मोठी आहे, बाई."

"मग लवकर शीव," ती म्हणाली, आणि किती दिवसांनी तिच्या गालाला तो खड्डा पडला.

मी विषय बदलायचा म्हणून एप्रन उचलला. गुलाबी ठिपका होता तिथेच होता. म्हटलं, पुन्हा उन्हात टाकते, उन्हाळ्याच्या उन्हात जाईल हा.

"राहू दे," ती म्हणाली. "मी अजून तेवढी म्हातारी नाही."

मी आत्याबाईंना मराठीत सांगितलं. त्या चष्मा शोधायला आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

मांदा स्टुलावर उभी राहिली आणि मी खाली बसून घागऱ्याच्या घेराला मांजरपाटाची पट्टी टाचण्यांनी लावू लागले. अर्धा घेर झाला असेल, खाली बसचा हॉर्न वाजला. ती हलली नाही, टाचण्या होत्या. पुन्हा वाजला. मी नाडी सोडली, तिने पाय काढून घेतले, अबाया खांद्यावर टाकला आणि जिना उतरून गेली. घागरा माझ्या मांडीवर, तिच्या अंगाने अजून ऊबदार.

आत्याबाई येऊन समोर बसल्या. पट्टीचं दुसरं टोक त्यांनी ताणून धरलं. मी पहिला टाका घातला, मग दुसरा.

"किती बारीक टाके घालून राहिली," त्या म्हणाल्या. "अशानं कधी होईन? मोठे घाल, लवकर होते."

"लवकर व्हायला नकोय, आत्याबाई," मी म्हटलं.

त्यांनी थोडा विचार केला आणि टोक जरा सैल सोडलं.